नवऱ्याच्या सहीची जागा

“कोणाचं आहे?” डॉक्टरनं इचारलं.

मला वाटलं केसपेपर कुणाचा ते इचारून राह्यला. मी म्हणलं, माझाच हाय साहेब. ओळीतल्या बाया हसल्या. डॉक्टर बी हसला. त्यानं पेनाचं टोक माझ्या पोटाकडं केलं.

“कागद नाही. हे. हे कोणाचं आहे?”

उन्हाळा होता म्हणून त्यानं टेबल व्हरांड्यात मांडलं होतं. बाजाराचा दिवस. माझ्यामागं पंचवीस-तीस माणसं उभी. त्यातच आमच्या गावच्या पाटलाची सून होती. तिच्या रानात मी खुरपायला जायचे. तिनं पदर तोंडाला लावला, पण कान इकडंच होते.

मी म्हणलं, माझ्या नवऱ्याचं.

“नक्की?”

मी मान हलवली.

“विचारावं लागतं. तुमच्या वस्तीचा काही नेम नसतो.”

मंग तो ओळीकडं बघून बोलत राह्यला, जसा मास्तर वर्गात बोलतो. यांना सवलती पायजेत, जमिनी पायजेत, आन पोरं होऊ देताना कुणाला इचारत न्हाईत, निस्तरायला मात्र सरकारच्या दारात येतात. माणसं माना हलवून राह्यली. शेवटी तो माझ्याकडं वळला.

“नवऱ्याला घेऊन ये. त्याची सही लागते. आणि पाडायचं असेल तर त्याच वेळी ऑपरेशनही करून घ्यायचं. दोन्ही एकदम. नाहीतर घरी जा आणि बाळंत हो.”

केसपेपर त्यानं माझ्या हातात दिला न्हाई. टेबलाच्या कडेवरून सोडला. तो माझ्या पायाजवळ पडला. मी वाकून उचलला.

पन्नास वर्सं होत आली. त्याचं बोलणं आता तेवढं सलत न्हाई. माझं ते वाकणं सलतं.

दवाखान्याच्या गावाचं नाव मी सांगत न्हाई. डॉक्टर मरून गेला. त्या एका माणसाशी माझं भांडण उरलेलं न्हाई.

आमचं गाव अंबडच्या खाली, गोदावरीच्या अंगाला. गावाच्या बाहेर आमची बौद्धांची वस्ती. धर्म बदलला तवा मी सात वर्सांची होते. बापानं घरातले देव एका फडक्यात बांधून नदीला नेले, तेवढं आठवतं. पंधराव्या वर्सी लग्न झालं. नवरा सातवी शिकलेला. शहागडला हमरस्त्यावर ट्रकांत माल भरायचा, आठ दिवसाला घरी यायचा. वस्तीत त्याच्या शब्दाला वजन होतं. जयंतीला विहारासमोर तो बोलायला उभा राह्यला की म्हातारी माणसं बी गप बसून ऐकायची.

मला अक्षरं त्यानं शिकवली. लग्नाच्या पहिल्याच वर्सी पाटी आणली, समोर बसवलं, माझा हात धरून गिरवून घेतलं. सासू म्हणायची, बायकोला काय तलाठी करायचीय का. त्यानं ऐकलं न्हाई. हे मी झाकून ठेवणार न्हाई. त्याचं जे चांगलं ते बी सांगीन, आन जे केलं ते बी सांगीन.

तीन लेकरं झाली. दोन पोरी, मंग पोरगा. पोरग्याच्या येळंला रगत थांबलं न्हाई. बैलगाडीत घालून मला दवाखान्यात नेलं. गाडीत खाली घातलेलं गवत भिजून गेल्तं, असं सासू पुढं सांगायची. मला शुद्ध नव्हती. घरी जाताना तिथल्या सिस्टरनं सांगितलं की आता पुन्हा दिवस जाऊ देऊ नको, पुढच्या बारीला मी काही सांगू शकत न्हाई. मी ते नवऱ्याला बराबर सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. आठ म्हयन्यांत मला पुन्हा दिवस गेले.

तवा मला गया आठवली.

गया म्हणजे माझ्या धाकट्या दिराची बायको. माझी जाऊ. बहात्तरच्या दुष्काळात आमी दोघी एकाच ढिगाऱ्यावर खडी फोडायचो. डोक्यावर ओलं फडकं, समोर दगड, दिवसभर हातोडा. तिला दिवस गेले. घरात खायला सरकारी सुकडी तेवढी. तिला ते पोर नको होतं. तिनं मला सांगितलं. मी म्हणलं, होईल नीट, गप राह्य. एवढंच बोलले मी. दुसरं काय बोलावं मला ठावं नव्हतं. मंग ती कुणाला न सांगता पलीकडच्या गावातल्या एका म्हातारीकडं जाऊन आली. म्हातारीनं काडी घातली. दोन दिवस गया कामावर आली. तिसऱ्या दिवशी तिचं अंग असं तापलं की हात लावला तर चटका बसायचा. पाचव्या दिवशी गेली. बावीस वर्सांची होती.

सासूनं सगळ्यांना सांगितलं, तापानं गेली. दिरानं तेच सांगितलं. नवऱ्यानं तेच सांगितलं. मला सगळं ठावं होतं. मी बी तेच सांगितलं.

म्हणून मी म्हातारीकडं गेले न्हाई. सरकारनं कायदा केलाय, दवाखान्यात नीट करून देतात, असं ऐकलं होतं. चोरून न्हाई, उजेडी गेले. ओळीत उभी राह्यले. मंग काय झालं ते वर सांगितलंच.

आणीबाणीचं दुसरं साल होतं ते. मास्तर, तलाठी, डॉक्टर, सगळ्यांना पोरं बंद करायच्या ऑपरेशनसाठी माणसं आणून द्यायची होती. अशा माणसाला ते केस म्हणायचे. त्या डॉक्टरला समोर बाई दिसली न्हाई. केस दिसली.

शनिवारी नवरा घरी आला. मी त्याला सगळं सांगितलं. कोणाचं म्हणून इचारलं ते बी सांगितलं. तो चिडला. त्या डॉक्टरला बघून घेतो म्हणला. मला बरं वाटलं. मी म्हणलं, बघून घेऊ नका, नुसतं चला आन सही करा. ऑपरेशनचं माझं मी बोलते.

तो म्हणला, सही करणार न्हाई.

मला वाटलं डॉक्टरचा राग आलाय म्हणून. तसं नव्हतं. तो खाली बसला आन मला समजावून सांगायला लागला. विहारासमोर बोलतो तशाच आवाजात. हे ऑपरेशन, हे पाडणं, सगळा डाव हाय म्हणला. आपली माणसं कमी करायची हायत त्यांना. आपण वाढलो तर उद्या आपल्याला मोजावं लागंल. “पोर तुझं-माझं नसतं. समाजाचं असतं.”

एका म्हयन्यापूर्वीच्या जयंतीत हाच माणूस बाईच्या हक्कावर बोललता. बाई ही कुणाची वस्तू न्हाई म्हणलता. मी पुढं बसून टाळ्या वाजवल्या होत्या.

मी म्हणलं, “मागल्या बारीला रगत गेलं ते समाजाचं होतं का?”

तो म्हणला, “तुझ्या पोटात हाय म्हणून ते तुझं एकटीचं होत न्हाई.”

हे त्याचं बोलणं मी लई दिवस घोळवलं. ते खोटं न्हाई. पोर एकटीचं नसतं. त्याचं बी होतं. पण पोट एकटीचं असतं. गाडीतल्या गवतावर मी एकटी पडले होते. तिथं त्याच्या सहीची कुणाला गरज लागली नव्हती.

डॉक्टरला माझं पोर नको होतं, म्हणून त्याला माझ्या अंगावर सत्ता पायजे होती. नवऱ्याला पोर पायजे होतं, म्हणून त्याला बी सत्ता पायजे होती. एक आमच्या लोकांना शिव्या देणारा. एक आमच्या लोकांसाठी जीव टाकणारा. माझ्यापाशी आले की दोघं बराबर एकाच जागी उभे.

सोमवारी मी पुन्हा दवाखान्यात गेले. लेकरं सासूपाशी ठेवली. डॉक्टर आत होता. मी सिस्टरला गाठलं, जिनं मागं मला बजावलं होतं तीच. ती जालन्याकडची, ख्रिस्ती. उंच, हडकुळी, कधी हसायची न्हाई. मी तिला म्हणलं, नवरा येत न्हाई, सही देत न्हाई, काय करू.

तिनं मला औषधाच्या खोलीत नेलं. दार लोटलं. म्हणली, “हे बघ. माझ्या देवासमोर हे पाप आहे. मी त्या खोलीत पाय ठेवणार नाही आणि तुला हातही लावणार नाही. मी लावत नाही हे साहेबांना माहीत आहे.”

मला वाटलं संपलं. मी जायला वळले.

“थांब,” ती म्हणली. “तुला वाचता येतं ना?”

तिनं कपाटातून दोन न भरलेले छापील कागद काढले. एक माझ्यासमोर ठेवला. मी अक्षर-अक्षर लावत वाचत गेले. बाईचं नाव, वय, राहणार. कशासाठी करायचं. मी माझ्या संमतीनं करून घेते, असं काहीतरी. खाली एकच रेघ. बाईची सही किंवा अंगठा. मी कागद उलटून बघितला. मागं कोरा होता. पुन्हा वाचला. नवऱ्याच्या सहीची जागाच नव्हती.

दुसरा कागद ऑपरेशनचा. तो अख्खा येगळा. या कागदाचा त्या कागदाशी काही संबंध न्हाई. दोन्ही एकदमच घ्यायचे असं कुठंच लिवलेलं नव्हतं.

मी सिस्टरला इचारलं, पाप हाय म्हणता आन मला कागद का दाखवता.

ती म्हणली, “पाप आहे की नाही ते तू आणि तुझा देव बघा. पण खोटं सांगून तुला परत पाठवलं तर ते माझ्याकडं राहील.” मंग म्हणली की बारा आठवड्यांच्या आत कर, नंतर दोन डॉक्टर लागतात. मला अकरावा चालू होता.

त्या बाईला मी आजबी मानते. माझ्या बाजूची ती नव्हती. पण तिनं मला माणूस समजून खरं सांगितलं. माझ्या बाजूच्या माणसानं तेवढं बी केलं नव्हतं.

पहिला कागद मी घडी करून पोलक्यात ठेवला आन अंबडची एसटी धरली.

अंबडच्या कोर्टासमोर लिंबाखाली अर्जनवीस बसायचे. निजामाच्या राज्यापासूनचे म्हातारे. लोकांचं गाऱ्हाणं ऐकायचं आन कागदावर उतरवायचं, हे त्यांचं काम. मी सगळ्यात म्हाताऱ्यापाशी बसले. मुसलमान होता. चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. मी म्हणलं, चाचा, डॉक्टरच्या इरोधात लिवायचंय. त्यानं आधी सगळं ऐकून घेतलं. बाईमाणसानं असलं बोलावं म्हणून त्यानं तोंड वाकडं केलं न्हाई. बाजूला दोन माणसं टवकारून ऐकून राह्यली होती, त्यांना हातानं लांब केलं. कागद मागून घेतला, दोनदा वाचला.

“शिकायत मत लिखवा, बेटी,” तो म्हणला. “दिन खराब हैं. अर्ज लिखवा. अर्ज को जवाब देना पड़ता.”

लिवायला लागला. सुरवातीला लिवलं, मी अमक्याची बायको. मी म्हणलं, आधी माझं नाव लिवा. त्यानं वर बघितलं, कागद बाजूला टाकला, नवा घेतला. माझं नाव लिवलं. वय सत्तावीस. धर्म बौद्ध.

“वजह?”

मी रगताचं सांगितलं. तीन लेकरं, धाकटं अंगावर पितंय, हे सांगितलं. त्यानं लिवलं. मंग मी म्हणलं, अजून एक लिवा. मला नको हाय.

त्यानं टाक खाली ठेवला. म्हणला, “कायदे में बीमारी है, बाई. मर्जी नहीं है.”

हे मला तवा पहिल्यांदा कळलं. मरायला टेकले असंन तर कायदा माझा. मी चांगली ठणठणीत असते आन नुसतं नको म्हणले असते, तर कायद्याला माझं ऐकू आलं नसतं. माझ्या तोंडाला किंमत न्हाई, माझ्या रगताला हाय. ते बी सांडल्यावर.

मी म्हणलं, मंग बीमारी वर लिवा. मर्जी खाली लिवा. पण लिवा.

म्हाताऱ्यानं टाक पुन्हा उचलला. मंग त्यानं शेवटच्या ओळीत लिवलं की वरील कारणांशिवाय अर्जदार बाईची स्वतःची तशी मर्जी आहे. मला वाचून दाखवलं. मी सही केली. अंगठा न्हाई, सही. दोन प्रती केल्या. एक द्यायची, दुसरीवर मिळाल्याची सही घ्यायची, म्हणजे पोच, हे त्यानं तीनदा बजावलं. पोच घेतल्याबिगर टेबल सोडू नको म्हणला.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्याच व्हरांड्यात उभी. ओळ तशीच. नंबर आला तसा मी अर्ज टेबलावर ठेवला. डॉक्टरनं वाचला. वाचता वाचता त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“हे कोणी शिकवलं तुला?”

मी म्हणलं, मी सांगितलं, त्यानं लिवलं.

“आता तुम्ही मला कायदा शिकवणार.”

मी लुगडं दोन्ही हातांनी धरलं होतं. ते सोडलं. पोलक्यातून तो छापील कागद काढला, उलगडला, त्याच्यासमोर ठेवला.

“साहेब, ह्याच्यावर नवऱ्याच्या सहीची जागा दाखवा. मी आत्ता जाऊन सही आणते.”

त्यानं कागद उलटून बघितला. जागा नव्हतीच, तर दाखवणार काय. हा कागद कुठून आणला म्हणून त्यानं इचारलं. मी सांगितलं न्हाई. मंग तो आवाज खाली करून म्हणला, बरं, पण ऑपरेशन तर करावंच लागंल, वरून हुकूम हाय.

मी म्हणलं, “त्याचा कागद येगळा हाय. तो मी आज भरत न्हाई. मला लागंल तवा मी माझ्या पायानं येईन.”

मागं कुणीतरी हसलं. या बारीला कुणावर हसले ते मला कळलं न्हाई. मी मागं बघितलं न्हाई.

“आणि उद्या तुझा नवरा इथं दंगा करायला आला तर?”

“तर त्याला हा अर्ज दाखवा. खाली माझं नाव हाय.”

मंग मी दुसरी प्रत पुढं सरकवली आन म्हणलं, पोच द्या. तो किती तरी वेळ पेन बोटांत फिरवत बसला. लेखी कागदाला ही माणसं भितात. माझ्यासारखीला न्हाई भित, तिच्या कागदाला भितात. त्यानं सही केली. परवा ये म्हणला.

परवा मी गेले. एकटी गेले. धाकट्याला सासूपाशी ठेवलं होतं. दूध दाटून पोलकं ओलं झालेलं. ज्या अंगाला एक लेकरू वढत होतं त्याच अंगातून दुसरं काढायला मी चालले होते. वाटंत हेच डोक्यात. मी रडले बी. कुणाला वाटत असंल की अशा बाईच्या मनाला काही लागत न्हाई, तर त्यानं त्या वाटंनं एकदा चालून बघावं.

आत सिस्टर आली न्हाई. तिनं शब्द पाळला. एक आया होती. डॉक्टरचे हात जोरानं चालले. झाल्यावर मला वार्डात नेलं. दोन खाटा मोकळ्या होत्या. मला चटई दिली. मी चटईवर पडून त्या खाटांकडं बघत राह्यले. दारातून दिसलं, सिस्टर बाहेर बाकड्यावर डोळे मिटून बसलेली, ओठ हलत होते. माझ्यासाठी मागत होती का त्या जिवासाठी, मी इचारलं न्हाई. थोड्या वेळानं ती उठून आली, चहाचा पेला चटईपाशी ठेवला आन गेली.

घरी आले तर सासूनं लेकरू मांडीवर दिलं आन हळूच म्हणली, आपोआप पडलं म्हणून सांग. मी ऐकून घेतलं. शनिवारी नवरा आला. त्याला आधीच कळलं होतं. त्यानं मारलं न्हाई. त्यानं कधीच मारलं न्हाई. भिताडाला टेकून बसला. मंग म्हणला की जे झालं ते झालं, पण वस्तीत सांगायचं की पडलं. माझी मान खाली जाईल असं करू नको.

मला बी तेच सोपं होतं. पडलं म्हणलं की बाया जवळ येतात, डोक्यावरून हात फिरवतात, दोन दिवस भाकरी करून देतात.

पण मला गयाच्या तापलेल्या अंगाचा तो चटका आठवला. तापानं गेली. आमी सगळ्यांनी म्हणून म्हणून गयाला तापानं मारून टाकलं होतं. ती कशानं मेली हे वस्तीतल्या एका पोरीला जरी ठावं असतं, तर पुढची एखादी वाचली असती. तिच्या मागून आमच्याच वस्तीतली एक त्याच म्हातारीकडं गेल्ती. ती जगली, पण पुन्हा तिला लेकरू झालं न्हाई.

दुसऱ्या दिवशी विहारात बाया जमल्या होत्या. वंदना झाली. एकीनं इचारलं, काय गं, पडलं म्हणं तुझं. मी म्हणलं, “पडलं न्हाई. पाडलं. दवाखान्यात जाऊन, माझ्या सहीनं.” आन तिथंच म्हणलं, गया बी तापानं गेली न्हाई. कशानं गेली ते सगळं सांगितलं. मी गप बसले होते ते बी सांगितलं.

एकेक उठून गेली.

नवरा बाहेर उभा होता. त्यानं ऐकलं होतं. घरी येऊन त्यानं पिशवी भरली. दारात म्हणला, “तू माझं पोर मारलंस आन वर माझं नाक कापलंस.”

मी म्हणलं, “पोराचं दुःख तुमाला असंल, तर बसा, मला बी हाय. नाकाचं असंल तर जा.”

तो गेला. शहागडलाच राह्यला, वर्सभर आला न्हाई. वस्तीतल्या बाया पाण्याला जाताना मला हाक मारायच्या बंद झाल्या. पाटलाच्या सुनंनं मला खुरपायला येऊ नको म्हणून निरोप धाडला. सरकारी ऑपरेशनाला जीप आली तवा सगळी वस्ती रानात पळाली, आन मला म्हणले, तू कशाला पळतीस, तू तर त्यांचीच. मी पळाले न्हाई. दारात उभी राह्यले आन जीपवाल्याला म्हणलं, कागद दाखव. त्याच्याकडं कागद नव्हता. शिवी देऊन गेला.

वर्सानं नवरा परत आला. त्यानं माफी मागितली न्हाई. मी बी न्हाई. पुढं आमचा संसार झाला. बरा झाला. पण जयंतीत तो बाईवर पुन्हा कधी बोलला न्हाई, आन मी टाळ्या वाजवायला पुढं बसले न्हाई. ऑपरेशन मी दोन वर्सांनी केलं. आणीबाणी गेल्ती, कुणी जीप घेऊन येत नव्हतं. माझ्या पायानं गेले.

मंग हळूहळू बाया यायला लागल्या. आधी आड वाटंनं, मंग सरळ. मी त्यांच्यासंगं दवाखान्यात जायचे आन कागद वाचून दाखवायचे. सही करायच्या आधी पूर्ण वाचायचे. एकीला पोर पायजे होतं आन तिच्या सासरच्यांना नको होतं. नवरा तिला दंडाला धरून घेऊन आल्ता. तिच्यासाठी बी मी तोच कागद वाचला. म्हणलं, खाली तिची सही लागते, तुझी न्हाई, आन ती करत न्हाई. ती पोर पोटात घेऊन घरी गेली. आज तिचा पोरगा बस चालवतो.

लोक मला इचारतात, पस्तावा होतो का. त्यात आमच्या चळवळीतले हायत, देवळात जाणारे हायत, शिकलेले हायत. तो जीव होता का, ते बी इचारतात. असंल. मी न्हाई म्हणत न्हाई. त्याला जगायचा हक्क होता का, ते बी मांडा, मी ऐकीन. पण माझ्या अंगातून, माझ्या मर्जीबिगर, माझ्या मरणावर जगायचा हक्क त्याला कुणी द्यायचा? डॉक्टरनं? समाजानं? कायद्यानं? तो देणारी मी एकटीच होते. तीनदा दिला. चौथ्यांदा दिला न्हाई. चुकलं असंल तर ती चूक बी माझी. ती बी मी कुणाला देणार न्हाई.

थोरल्या पोरीचं लग्न ठरलं तवा मी तिला समोर बसवून सांगितलं. तुझ्यावर अशी येळ आली तर संगं चल म्हण. कुठंबी येईन, ओळीत उभी राहीन, चटईपाशी बसंन. पण करू का नको, हे इचारायला माझ्याकडं येऊ नको. परवानगी देणारी तुझी आई बी कोण लागत न्हाई.